पाहुणे आणि वाटा : अंधेरी स्टेशन व त्याचा परिसर

मुंबईस एकहि आप्त नाहीं असें सुशिक्षित मराठी घर आज क्वचितच सांपडेल. आणि त्या आप्तांपैकीं निदान एका बिऱ्हाडाचा पत्ता पार्लें, अंधेरी, जोगेश्वरी किंवा गोरेगांव या पट्ट्यांतला नाहीं, असेंहि क्वचितच. एके काळीं एकाच वाड्याच्या चार सोप्यांत नांदणारीं चार भावांचीं कुटुंबें आतां चार स्टेशनांवर राहतात. थोरला बोरिवलीस, मधला अंधेरीस, तिसरा घाटकोपरास, धाकटा मुलुंडास, आणि आईवडील मात्र सांगलीस, रत्नागिरीस किंवा वाईस. अशा कुटुंबाचा एकोपा दूरध्वनीनें जितका टिकतो त्याहून अधिक प्रत्यक्ष जाण्यायेण्यानें टिकतो. लग्नाची बोलणीं, बाळंतपण, आजारपण, मुलांच्या परीक्षा, गणपतीचे दिवस अशा निमित्तांनीं वडीलधारीं माणसें प्रवासाला निघतात, आणि त्या प्रवासांतला सर्वांत अवघड टप्पा शेवटच्या दहा मैलांचा असतो. म्हणून ज्या स्टेशनावर आपल्या पाहुण्यांचें पाऊल पडावयाचें त्याचा नीट परिचय असणें हा गृहव्यवस्थेचाच एक भाग मानला पाहिजे. या वेळीं या सदरांत अंधेरीची ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

थोडा पूर्वेतिहास

अंधेरी हें साष्टी बेटांतलें जुनें गांव. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबे स्टेशनापर्यंत पहिली उपनगरी गाडी धांवली, तेव्हां वाटेंतल्या मोजक्या स्टेशनांत अंधेरी होतें. त्या काळच्या इंग्रजी कागदांत तें ‘अंदारू’ असें लिहिलेलें आढळतें. आजच्या गोरेगांवास तेव्हां ‘पहाडी’ म्हणत. दिवसाला एक गाडी जावयाची व एक यावयाची, एवढाच तो व्यवहार. पुढें ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर चालूं लागला आणि उपनगरांत बिऱ्हाड करून शहरांत नोकरी करणें मध्यम स्थितीच्या गृहस्थास साधूं लागलें. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला. १९५० च्या एप्रिलांत अंधेरी बृहन्मुंबईच्या हद्दींत आली, आणि बोरिवली व मुलुंड हीं १९५७ सालीं. १९५१ सालीं बी. बी. सी. आय. ही जुनी कंपनी जाऊन पश्चिम रेल्वे झाली.

या इतिहासांतली एक गोष्ट आज फारच थोड्यांस ठाऊक असते. १९२८ सालींच ट्रॉम्ब्याहून कुर्ल्यावरून अंधेरीपर्यंत तेरा किलोमीटरांची एक लहानशी रेल्वे सुरू झाली होती. ती १९३४ सालीं बंद पडली. त्यानंतर बरोबर ऐंशी वर्षें पूर्वेकडील उपनगरांतून पश्चिमेकडील उपनगरांत यावयास रुळांची सरळ वाट नव्हती. घाटकोपरच्या भावास अंधेरीच्या भावाकडे यावयाचें तर दादरला जाऊन गाडी बदलावी लागे, नाहीं तर अंधेरी-कुर्ला रस्त्यावर तास दीड तास धूर खावा लागे. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली आणि हें अंतर वीस-बावीस मिनिटांवर आलें. अनेक कुटुंबांत या गाडीनें जें साधलें तें कोणत्याहि मध्यस्थास साधलें नसतें : रविवारच्या जेवणास भाऊ-भाऊ पुन्हां एका पंगतीस बसूं लागले.

पूर्व कीं पश्चिम?

नवख्या माणसानें अंधेरीस उतरण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारून ठेवावा : घर पूर्वेस कीं पश्चिमेस? रुळांनीं या गांवाचे दोन तुकडे केले आहेत, आणि चुकीच्या अंगास उतरलेल्या माणसास पुन्हां जिने चढून-उतरून यावें लागतें. सामान बरोबर असेल आणि गुडघे दुखरे असतील तर ही शिक्षा लहान नव्हे. पत्ता लिहितांना ‘अंधेरी’ एवढेंच लिहिणें म्हणजे न लिहिण्यासारखेंच आहे. कोणीं पूर्व-पश्चिम लिहावयाचें विसरला असेल तर टपालाचा पिन क्रमांक पाहावा. स्टेशनाजवळच्या भागापुरतें सांगावयाचें तर ४०००५८ हा पश्चिमेचा आणि ४०००६९ हा पूर्वेचा.

पश्चिमेस बाहेर पडतांच स्वामी विवेकानंद मार्ग लागतो. हाच जुना घोडबंदर रस्ता. तेथून जयप्रकाश मार्ग आझाद नगर, चार बंगला, सात बंगला असा वर्सोव्याच्या समुद्राकडे जातो. पूर्वेस बाहेर पडतांच आगरकर चौक व तेथील बसस्थानक आहे. चकाला, मरोळ, महाकाली लेणीं, सीप्झ व सहार विमानतळ हीं सारीं त्याच अंगास. १९७३ सालीं सीप्झ हें निर्यातीच्या मालाचें क्षेत्र स्थापन झालें, औद्योगिक वसाहत वाढली, आणि पूर्वेची अंधेरी हें लाखों माणसांचें कामाचें ठिकाण झालें. त्यामुळें येथील गर्दीचा स्वभाव इतर उपनगरांहून निराळा आहे. इतरत्र सकाळीं माणसें शहराकडे जातात आणि संध्याकाळीं परततात. उलट दिशेची गाडी सुटसुटीत असते. अंधेरीस सकाळीं जितकीं माणसें गाडींत चढतात तितकींच उतरतातहि. ‘उलट्या बाजूनें जात आहोंत, गर्दी नसेल’ हा हिशेब येथें चालत नाहीं.

आणखी एक घोटाळा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. अंधेरी या नांवाचीं स्टेशनें आतां एकाहून अधिक आहेत. पश्चिम रेल्वेचें अंधेरी आणि पहिल्या मेट्रोचें अंधेरी हीं एकमेकांस लागून असून पादचारी पुलानें जोडलेलीं आहेत. परंतु दहिसरहून येणाऱ्या दुसऱ्या मेट्रोचें ‘अंधेरी पश्चिम’ हें स्टेशन रेल्वेजवळ मुळींच नाहीं; तें डी. एन. नगर येथें आहे, आणि तेथून पहिल्या मेट्रोनें आझाद नगर ओलांडून अंधेरीस यावें लागतें. तसेंच दहिसरहून पूर्वेच्या महामार्गावरून येणारी मेट्रो गुंदवली येथें संपते. तेथून पुलानें ‘पश्चिम द्रुतगति महामार्ग’ या पहिल्या मेट्रोच्या स्टेशनावर जातां येतें. शिवाय भुयारी मेट्रोचें एक स्टेशन ‘एमआयडीसी-अंधेरी’ या नांवाचें आहे. बोरिवलीच्या दिराकडून निघालेल्या काकूंस ‘मेट्रोनें अंधेरीला उतरा’ एवढेंच सांगितलें तर त्या कोठें उतरतील हें सांगणें कठीण. कोणती मेट्रो व कोणतें स्टेशन हें पुरतें नांव घेऊन सांगावें.

यावें कसें?

पुणें, कोल्हापूर, नागपूर किंवा कोंकण या बाजूंनीं येणाऱ्या गाड्या मध्य रेल्वेच्या रुळांवरून येतात. अंधेरीस जाणाऱ्यानें शहराच्या टोंकापर्यंत जाण्याचें कांहीं कारण नाहीं. आपली गाडी ठाण्यास थांबत असेल तर तेथेंच उतरावें, लोकलनें घाटकोपरास यावें आणि मेट्रो धरावी. मेट्रोचें घाटकोपर हें पहिलेंच स्टेशन असल्यामुळें बसावयास जागा मिळण्याचा संभव तेथें अधिक. आणि अंधेरी येईपर्यंत मधलीं सात स्टेशनें आपण मोजूं शकतों : जागृती नगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका, विमानतळ मार्ग, चकाला, पश्चिम द्रुतगति महामार्ग, आणि मग अंधेरी.

दादरला उतरणें भाग पडलें तर पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जाऊन धीमी गाडी घ्यावी. माटुंगा रोड, माहीम, वांद्रें, खार, सांताक्रूझ, विलेपार्लें आणि सातवें अंधेरी. गर्दीच्या वेळीं विरारच्या जलद गाडींत नवख्यानें चुकूनहि चढूं नये. ती अंधेरीस थांबते हें खरें. परंतु गाडी थांबणें निराळें आणि आपल्याला उतरतां येणें निराळें. दूरचे प्रवासी दारापाशीं जी भिंत उभी करितात ती भेदून सामानासह बाहेर पडणें रोजच्या माणसासहि जड जातें. ज्या गाडीच्या पाटीवर अंधेरी हेंच शेवटचें नांव आहे ती पाहुण्यांची गाडी समजावी. परतीच्या वेळींहि हाच नियम : अंधेरीहूनच सुटणारी चर्चगेटची गाडी थोडी उशीरा असली तरी थांबावें. फलाटावर पांच मिनिटें अधिक उभें राहणें हें डब्यांत पाऊण तास एका पायावर उभें राहण्यापेक्षां बरें.

स्त्रियांसाठीं प्रत्येक लोकलला निराळे डबे असतात. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीं गाडीहि सुरू झाली. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांनीं स्त्रियांच्याच डब्यांत चढावें. तेथील रोजच्या प्रवासिनी नवख्या बाईला कोठें उभें राहावें, केव्हां दाराकडे सरकावें हें आपण होऊन सांगतात. वातानुकूलित लोकल २०१७ च्या नाताळापासून धांवूं लागल्या. त्यांचीं दारें बंद होतात, म्हणून वृद्धांस त्या अधिक सुरक्षित. तिकीट मात्र त्या गाडीचें निराळें व महाग असतें, हें आधीं पाहून घ्यावें.

विमानानें जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठीं अलीकडे मोठी सोय झाली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेली भुयारी मेट्रो मरोळ नाक्यावर पहिल्या मेट्रोस मिळते. अंधेरीहून मरोळ नाक्यास यावें आणि तेथें गाडी बदलावी. पुढचेंच स्टेशन विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचें. परदेशीं निघालेल्या मुलाला पोंचवावयास गेलेल्या आईवडिलांना मध्यरात्रीच्या टॅक्सीची चिंता पूर्वीं असे, ती निदान दिवसाच्या वेळीं तरी उरली नाहीं. कोणत्या टर्मिनलवरून विमान सुटतें हें तिकिटावर पाहिल्यावांचून मात्र घर सोडूं नये.

गर्दी, पाऊस आणि रूळ

सकाळीं आठ ते अकरा आणि संध्याकाळीं पांच ते नऊ या वेळांत साठी उलटलेल्या पाहुण्यानें अंधेरी स्टेशनावर नसावें, हा नियम प्रत्येक घरानें करून टाकावा. दुपारीं बारा ते चार हा काळ सर्वांत सुखाचा. रात्रीची गाडी पहाटे पोंचत असेल तर सातच्या आंत घर गांठावें.

पावसाळ्यांत एक गोष्ट विशेष सांभाळावयाची. अंधेरीच्या रुळांखालून पूर्व-पश्चिम जाणारा भुयारी रस्ता सखल भागांत आहे. मोठी सर आली कीं तेथें पाणी भरतें व वाहतूक बंद होते. पावसाच्या दिवशीं रिक्षानें एका अंगाकडून दुसऱ्या अंगास जाण्याचा बेत ठरवूं नये. पादचारी पुलानेंच पलीकडे जाऊन मग रिक्षा करावी. रिक्षा येथें मीटरप्रमाणें चालतात. परंतु माहीमच्या पलीकडे मुंबई शहरांत त्यांस जातां येत नाहीं, तेव्हां दक्षिणेकडे जावयाचें असेल तर टॅक्सी पाहावी.

पादचारी पुलावर मात्र थांबूं नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद जिन्यावर पाऊस थांबण्याची वाट पाहत माणसें उभीं राहिलीं, मागून गाड्यांचीं माणसें येत राहिलीं, आणि त्या चेंगराचेंगरींत तेवीस जीव गेले. तो पूल अंधेरीचा नव्हे; पण प्रसंग कोणत्याहि स्टेशनावर येऊं शकतो. पाऊस आला तर फलाटाच्या छपराखालीं थांबावें, जिन्यावर कधींहि नाहीं. पुलावर गर्दी दिसली तर खालींच राहावें; दोन गाड्या गेल्या कीं वाट मोकळी होते.

याहून मोठा धोका रुळांचा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर एकट्या २०२३ सालीं अडीच हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. हिशेब केला तर दररोज सात. यांतील कित्येक रूळ ओलांडतांना गेलीं, कित्येक दारांतून पडून गेलीं. रूळ ओलांडणें कायद्यानें गुन्हा आहे. पण कायद्याचें भय नसलें तरी या आंकड्याचें असावें. गांवाकडे लहान स्टेशनावर रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर जाण्याची आपल्याकडील अनेकांस आयुष्यभराची संवय असते. तेथें दिवसांतून चार गाड्या येतात. येथें एक गाडी नजरेआड होण्यापूर्वीं दुसरी येते, आणि एका गाडीच्या आवाजांत शेजारच्या रुळावरून येणारी दुसरी ऐकूं येत नाहीं. घरच्या वडीलधाऱ्यांस हें सांगतांना संकोच वाटतो, ‘आम्हांला शिकवितोस काय’ असें उत्तर येण्याची भीति असते. तरी सांगावें. तो संकोच फार महाग पडतो.

पाहण्यासारखें

चार दिवस राहावयास आलेल्या पाहुण्यांस येथें दाखविण्यासारखेंहि पुष्कळ आहे. मात्र बाजारांत व मॉलमध्यें हिंडविण्यांतच आपले यजमान वेळ घालवितात.

पूर्वेस महाकाली लेणीं आहेत. कोंडिविटें गांवचीं हीं एकोणीस बौद्ध लेणीं इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत खोदलीं गेलीं. नववें लेणें हें चैत्य असून त्यांतील स्तूपाभोंवतीं दगडांतच कोरलेली गोल झोंपडी व तिला जाळीच्या खिडक्या आहेत. ही रचना बिहारांतील बराबरच्या फार प्राचीन लेण्यांची आठवण करून देते. कार्लें आणि अजिंठा पाहण्यास आपण सहल काढतों. अंधेरीस राहणाऱ्या किती मुलांनीं हीं लेणीं पाहिलीं आहेत हें त्यांच्या आईबापांनीं विचारून पाहावें. पुढच्याच स्टेशनावर, जोगेश्वरीस, सहाव्या शतकांतलें विस्तीर्ण शैव लेणें आहे व त्यांत जोगेश्वरी देवीचें स्थान आहे. त्याच जोगेश्वरीच्या सरस्वती बागेंत पु. ल. देशपांडे यांचें बालपण गेलें.

पश्चिमेस गिल्बर्ट हिल नांवाचा काळ्या बसाल्टाचा एकसंध सुळका उभा आहे. उंची सुमारें दोनशें फूट, आणि वय साडेसहा कोटि वर्षांहून अधिक. ज्या लाव्ह्यानें दख्खनचें पठार घडलें त्याचाच हा अवशेष. थंड होतांना खडकास पडलेले उभे स्तंभ अजून स्पष्ट दिसतात. माथ्यावर गांवदेवीचें देऊळ असून वर जाण्यास खडकांत कोरलेल्या पायऱ्या आहेत. २००७ सालीं महापालिकेनें त्यास वारशाच्या यादींत घातलें. परंतु पायथ्याशीं घरांची दाटी इतकी झाली आहे कीं अगदीं जवळ जाईपर्यंत सुळका दिसतच नाहीं.

मेट्रोच्या पश्चिम टोंकास वर्सोवा. तेथें जुना कोळीवाडा आहे आणि खाडी ओलांडून मढला जाणारी तर आहे. येथील किनारा एके काळीं कचऱ्यानें भरून गेला होता. २०१५ पासून अफरोज शाह या वकिलांनीं शेजाऱ्यांना हाताशीं धरून तो साफ करण्यास आरंभ केला. दुसऱ्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांनीं त्यांचा गौरव केला, आणि २०१८ च्या मार्चांत या वाळूंतून कासवांचीं पिल्लें समुद्राकडे जातांना पुन्हां दिसलीं. पाहुण्यांबरोबर आलेल्या मुलांना ही हकीकत त्याच वाळूवर बसून सांगावी.

गणपतीच्या दिवसांत येणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं आझाद नगरचा सार्वजनिक गणपति, ज्यास ‘अंधेरीचा राजा’ म्हणतात व जो १९६६ पासून बसतो, तो अनंत चतुर्दशीस विसर्जन होत नाहीं. त्याचें विसर्जन पुढच्या संकष्टीस वर्सोव्याच्या समुद्रांत होतें. ज्यांस घरच्या गणपतीमुळें आधीं येतां येत नाहीं त्यांस हे चार दिवस अधिक मिळतात.

दोन नांवें आणि एक पूल

अंधेरीच्या पूर्वेस उतरणारा प्रत्येक मनुष्य आगरकर चौकांत पाय ठेवतो. आणि स्टेशनाच्या दक्षिणेस रुळांवरून जो मोठा पूल पूर्व-पश्चिम जातो त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांचें नांव आहे. ‘सुधारक’ पत्र १८८८ सालीं निघालें तेव्हां गोपाळ गणेश आगरकर त्याची मराठी बाजू लिहीत आणि तरुण गोखले इंग्रजी. ज्या दोघांनीं एकाच पत्राचे दोन रकाने सांभाळले त्यांचीं नांवें शंभर वर्षांनंतर एकाच स्टेशनाच्या दोन वाटांवर यावीं हा योगायोग मोठा गोड आहे. आणि एक स्टेशन अलीकडे गेलें कीं १९२१ सालचें पार्लें टिळक विद्यालय आणि १९२३ सालचा लोकमान्य सेवा संघ. ज्यांचे वाद आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओसऱ्यांवर रात्र-रात्र चालत, ते तिघे या दोन स्टेशनांत शेजारी होऊन राहिले आहेत.

पण नांव देणें सोपें, नांव राखणें अवघड. ३ जुलै १९१८ नव्हे, २०१८ : सकाळच्या पावसांत या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. जुन्या पुलांकडे झालेलें दुर्लक्ष त्या दिवशीं साऱ्या शहरास दिसलें. पुढें ७ नोव्हेंबर २०२२ रोजीं पूल वाहनांस बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू २०२४ च्या फेब्रुवारींत उघडली, तों असें आढळलें कीं शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्या कित्येक फूट खालीं राहिला असून दोन्ही एकमेकांस मिळतच नाहींत. मग बर्फीवाला पूल जॅकांनीं उचलून घ्यावा लागला, व संपूर्ण वाट मोकळी व्हावयास २०२५ चा मे उजाडला. अडीच वर्षें पूर्वेची सासू आणि पश्चिमेची लेक यांच्यामध्यें एका पुलाचें अंतर होतें. रुग्णाला दवाखान्यांत नेणाऱ्या घरांना तें किती लांब वाटलें असेल याची कल्पना करावी. दोन्ही बाजू आपापल्या परीनें पूर्ण बांधल्या, पण पातळी एक आहे कीं नाहीं हें आधीं कोणीं पाहिलें नाहीं. ही चूक केवळ पुलांच्याच बाबतींत होते असें नाहीं.

यजमानाचें कर्तव्य

कारण हाच प्रकार घरांत पाहुण्यांच्या बाबतींत घडतो. गांवाकडील वडिलांची समजूत अशी कीं मुलगा किंवा सून स्टेशनावर आली नाहीं म्हणजे आपलें येणें नकोसें झालें. मुंबईच्या मुलाची समजूत अशी कीं मोबाईलवर घराचा नकाशा पाठविला म्हणजे आपलें कर्तव्य झालें. दोघांचेंहि प्रेम खरें असतें. पातळी मात्र जुळत नाहीं. आणि मग स्टेशनावरच्या त्या अर्ध्या तासाचा सल पुढें वर्षानुवर्षें बोलण्यांत येत राहतो. कित्येक घरांत ‘आतां आम्हीं तिकडे यावयाचेंच नाहीं’ हा निश्चय अशा क्षुल्लक कारणानें झालेला दिसतो, आणि त्यानंतर आजोबा-नातवंडांची भेट लग्नकार्यापुरती उरते.

आमचें मत असें कीं वडील माणसास फलाटावर जाऊनच उतरवून घ्यावें. नकाशा वाट दाखवितो, हातांतली पिशवी घेत नाहीं. परंतु घरांतलीं दोघेंहि नोकरी करणारीं असतां सकाळीं नऊला स्टेशनावर या असें म्हणणें हेंहि न्यायाचें नव्हे. आणि न येण्याचा दोष एकट्या सुनेवर घालणें तर मुळींच न्यायाचें नव्हे. म्हणून प्रवासाचा दिवस व गाडी दोन्ही पक्षांनीं मिळून ठरवावी : शक्य तो रविवारची, शक्य तो दुपारची. तेंहि साधलें नाहीं तर इमारतींतला एखादा कॉलेजांत जाणारा मुलगा, शेजारचे निवृत्त गृहस्थ, घाटकोपरचा चुलतभाऊ, कोणीहि चालेल. ओळखीचा एक चेहरा हवा. भेटण्याची जागा ‘स्टेशनावर’ अशी मोघम न ठेवतां नेमकी ठेवावी. अंधेरीपुरतें सांगावयाचें तर मेट्रोनें येणाऱ्यांस मेट्रोच्या तिकीट-दारापाशीं, आणि लोकलनें येणाऱ्यांस ज्या डब्यांतून उतरले तेथेंच फलाटावरील बांकावर. उतरल्यावर पाहुण्यानें हलूं नये, शोधणाऱ्यानें यावें.

शिवाय पाहुण्याच्या खिशांत एक चिठ्ठी असावी. मोबाईलची वीज संपते, कागदाची संपत नाहीं. तींत पुढील गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहाव्या : यजमानाचें नांव; पूर्व कीं पश्चिम; इमारतीचें नांव व जवळची ठळक खूण; कोणत्या मेट्रोचें कोणतें स्टेशन; दोन दूरध्वनि क्रमांक, एक घरचा व एक शेजाऱ्यांचा; आणि नित्य घेण्याच्या औषधांचीं नांवें. ही चिठ्ठी मराठींत एक आणि हिंदींत एक अशी करावी, कारण रिक्षावाल्यास ती दाखवावी लागते. घरांतल्या नातवंडांकडून ती लिहवून घ्यावी. आजी येणार म्हणून ज्यानें तिच्या वाटेवरचीं स्टेशनें स्वतःच्या अक्षरांत लिहिलीं, तो त्या दिवशीं दाराकडे कान लावून बसतो.

सामानाविषयीं एकच सांगणें, आणि तें गांवाकडील वाचकांस. हापूसची पेटी, कुळथाचें पीठ, अमसुलें व लोणच्याची बरणी यांतलें आपलें प्रेम मुंबईकरांस कळतें. परंतु अंधेरीच्या जिन्यावर एक हात कठड्यासाठीं मोकळा असावा लागतो. एका हातांत मावेल तेवढेंच आणावें. बाकीचें टपालानें येऊं शकतें. माणूस मात्र स्वतःच यावें लागतें, आणि घर वाट पाहत असतें तें त्याचीच.